मोठ्या बाबांच्या महालक्ष्म्या

मोठे बाबा फौजेतून कर्नल होऊन कायमचे परत आले, तेव्हा आमच्या रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या घरात सगळ्यात आधी काय बदललं असेल तर कुंड्या. तुळशीपासून जास्वंदापर्यंत प्रत्येक कुंडीला खाली गेरू, वर चुना, आणि मधे सुतळी धरून ओढलेली सरळ रेघ. अंगणाच्या कडेला तिरप्या विटा रोवल्या, त्याही एक लाल, एक पांढरी. छावणीत जनरलसाहेब यायचे असले की असं करतात म्हणे. आमच्या गल्लीत कोणता जनरल येणार होता देव जाणे. शेजारच्या काकू येऊन आईला विचारून गेल्या, "पोट्टीचं लग्न जुळलं का जी? काहून एवढा रंग लावून राहिले?" पोट्टी म्हणजे मी. मी तेव्हा कॉलेजात होते आणि लग्नाचं नाव काढलं की मला उचकी लागायची.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे मोठे भाऊ. त्यांची बायको ती मोठी आई. आमच्या विदर्भाकडे असंच म्हणतात आणि आमचं घर रायपूरला येऊन किती पिढ्या झाल्या तरी म्हणणं सुटलं नाही. बाबा रेल्वेत बाबू होते. शांत माणूस. मोठे बाबा सकाळी अंगणात उभे राहून शिट्टी वाजवायचे, तेव्हा बाबा पांघरुणातूनच म्हणायचे, "गाडी फलाटावर लागली वाटते," आणि कूस बदलायचे. आई मात्र त्या शिट्टीला दचकायची. तिच्या हातून एकदा फोडणीत हळदीऐवजी जास्तीचं तिखटच पडलं. मोठे बाबा ती भाजी घाम पुसत पूर्ण जेवले, कारण पानात टाकायचं नाही हा त्यांचाच हुकूम होता. त्या दिवसापासून आईला शिट्टीचं भय वाटेनासं झालं.

स्वैपाकघराची तपासणी हा रविवारचा कार्यक्रम. मोठे बाबा डब्यांच्या झाकणांवरून बोट फिरवायचे आणि ते बोट उजेडात धरून पाहायचे. आईच्या डब्यांत सगळं एकत्र नांदायचं. विदर्भाकडून आलेली ज्वारी, इथला तांदूळ, पाटवडीचं बेसन, इकडच्या वाफवलेल्या फऱ्यासाठी दळून ठेवलेलं तांदळाचं पीठ. मोठ्या बाबांनी प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घातला. आई नंबर वाचत नसे. ती डबा हलवून आवाजावरून ओळखायची. मोठी आई दाराशी उभी राहून हसायची. ती मोठ्यानं कधी हसलेली मला आठवत नाही. तिची सवयच गेली असावी. जन्मभर सरकारी क्वार्टरांत राहिलेली बाई, जिथे खुर्चीच्या पायावरसुद्धा फौजेचा नंबर असतो आणि निघताना तो मोजून परत करावा लागतो.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. मोठे बाबा खोटं कधी बोलत नसत. समोरच्यानं स्वतःच काही समजून घेतलं, तर दुरुस्त मात्र करत नसत. त्यांची सगळी नोकरी रसद खात्यात गेली. पीठ, डाळ, कांदे, अंडी, खेचरांचा चारा हे सगळं वेळेवर वर पोचवायचं. मोठं काम आहे, मी त्याला हसत नाही. जवान काय हवा खाऊन लढतात? पण पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, माणसं विचारायची, "साहब, गोली चली थी?" आणि मोठे बाबा दूर कुठे तरी बघत म्हणायचे, "हालात बहुत खराब थे." हालात खराब होते हे खरंच होतं. एका पावसाळ्यात कांदा सडला होता, हे मला मोठ्या आईनं सांगितलं.

त्याच सुमारास नवं राज्य झालं आणि आमचं गाव त्याची राजधानी. काल रात्री जिल्ह्याचं गाव म्हणून झोपलेलं गाव सकाळी उठलं तेव्हा त्याच्या दारात लाल दिव्याच्या गाड्या उभ्या. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं. खेड्यातली माणसं कितीतरी दिवस तिथे खोकल्याचं औषध विचारायला यायची. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. जो भेटेल तो कुणाचा तरी खास माणूस निघायचा. आणि राज्य नवं, म्हणजे माणसं कमी, खुर्च्या जास्त. असं फार वेळा होत नाही.

दुबे भैया आमच्या घरात आले ते या हवेतच. पक्षाचे माणूस. कोणत्या पक्षाचे ते लिहीत नाही, कारण पुढे त्यांनी स्वतःच ते दोनदा बदललं. पान खाऊन लाल झालेलं तोंड, पांढरा कुर्ता, आणि बोलताना समोरच्याचा गुडघा धरायची सवय. त्यांनी मोठ्या बाबांच्या मिशा पाहिल्या, भिंतीवरचा गणवेशातला फोटो पाहिला आणि गुडघा धरून म्हणाले, "करनल साहब, आप तो बने-बनाए उम्मीदवार हैं."

मोठे बाबा म्हणाले, "देश की सेवा तो ख़ून में है." बाबा वर्तमानपत्राआडून हळूच खोकले.

प्रचाराला मीही जात असे, कारण मोठ्या बाबांचं भाषण लिहायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मी साधं लिहून द्यायची, ते उभे राहिले की त्याचा हुकूम व्हायचा. झाडाखाली जमलेल्या बायाबापड्यांना ते पहिल्यांदा रांगेत बसवायचे. "लंबे वाले पीछे! छोटे आगे!" लोक हसत बसायचे. मग पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल बोलून शेवटी विचारायचे, "कोई शक?" फौजेत ह्याचं उत्तर सगळ्यांनी मिळून 'नहीं साहब' असं द्यायचं असतं. एका गावात एक म्हातारा शांतपणे उठला. म्हणाला, "हव साहब, हे न." आणि खाली बसला. शंका काय ती त्यानं सांगितली नाही. मोठ्या बाबांना त्या रात्री झोप लागली नाही असं मोठी आई म्हणाली. पण ते निवडून आले. मिशांनी आले, फोटोनं आले, आणि समोरचा उमेदवार लोकांना त्याहून कमी आवडत होता म्हणून आले. आमदार झाल्यावर त्यांना शंकरनगरात बंगला मिळाला. पुढे हिरवळ, मागे नोकरांच्या खोल्या, फाटकावर पहारा.

आणि मोठी आई तिथे गेली नाही.

ती भांडली नाही, काही नाही. ट्रंका गाडीत चढत होत्या तेव्हा ती ओट्यावर बसून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. मोठे बाबा म्हणाले, "सुमन, चल." ती म्हणाली, "तुमी व्हा पुढे. महालक्ष्म्या झाल्या की पाहू." महालक्ष्म्यांना तेव्हा चांगले सहा-सात महिने होते. पण कारण असं होतं की मोठ्या बाबांना त्यावर काही बोलता येईना.

त्या महालक्ष्म्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी येतात. माणसाएवढ्या उभ्या, पितळेचे मुखवटे, पोटात धान्य भरलेल्या कोठ्या, अंगावर घरातली सगळ्यात चांगली लुगडी. वर फुलोरा टांगलेला, त्यात करंज्या आणि पापड्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जाताना त्यांना काही नदीवर नेत नाहीत. घरच्या कर्त्या पुरुषानं अक्षता टाकायच्या आणि दोघींना खांद्याला धरून जागच्या जागी थोडंसं हलवायचं. हलवल्या की गेल्या. म्हणून त्याआधी त्यांना चुकून धक्का लागू नये ह्याची घरात केवढी धास्ती. आम्ही लहानपणी त्या खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

ह्या महालक्ष्म्या हक्कानं मोठ्या सुनेच्या, म्हणजे मोठ्या आईच्या. पण ती कायम कुठे तरी लांब छावणीत, म्हणून इतकी वर्षं माझ्या आईनं सांभाळल्या. मोठी आई दर वर्षी तिथून चोळीसाठी खण पाठवायची आणि आईला पत्रात विचारायची, कशा दिसत होत्या. परत आल्यावर पहिल्या भाद्रपदात आईनं मुखवट्यांची पेटी तिच्या मांडीवर ठेवली. "घ्या जी बाई, तुमच्या तुमी." मोठ्या आईनं ज्येष्ठेचं तोंड पदरानं पुसलं आणि मग आईच्या गळ्यात पडून जी रडली, की आम्ही पोरं बाहेर निघून गेलो. संध्याकाळी ती मला म्हणाली, "मंजे, आता ह्या इथून हालत नाही. अन् मीबी नाही." मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं होतं.

आमदार झाल्यानंतरचा भाद्रपद उजाडला तेव्हा मंत्रिमंडळ वाढणार अशी हवा होती. मोठ्या बाबांचं नाव यादीत आहे, नाही, आहे, असं रोज बदलत होतं. दिल्लीहून पक्षाचे एक भाईसाहब यायचे होते, नावं ठरवणारे. भारी माणूस. म्हणे, ते प्रत्येक इच्छुकाच्या घरी जेवतात आणि घर पाहून माणूस ओळखतात. महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी दुपारी दुबे भैया धावत आले. मोठे बाबाही तेव्हा बुढापाऱ्यातच होते, देवींना रांगोळीच्या पावलांवरून आत आणताना शिट्टी वाजवू पाहत होते, पण मोठ्या आईनं ती काढून घेतली होती. दुबे भैयांनी त्यांचा गुडघा धरला. "साहब, भाईसाहब कल आपके यहाँ भोजन करेंगे. उन्होंने खुद कहा है. मराठी घर में महालक्ष्मी देखनी है."

मोठ्या बाबांचा चेहरा असा फुलला की मला तो माणूस पहिल्यांदाच थोडा आवडला. पण दुबे भैयांचं संपलं नव्हतं. आमची गल्ली पाहून गेलेल्या सुरक्षावाल्यांनी डोकं हलवलं होतं. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे भाईसाहबांच्या मोटारी कुठून शिरणार? आणि भाईसाहबांचे गुडघे असे, की त्यांना चालवत नाही. "तो बंगले पर ही रखते हैं ना साहब. शंकरनगर में. एक बजे."

"महालक्ष्मी इथं आहे," बाबा म्हणाले.

"तर शिफ्ट करू," मोठे बाबा म्हणाले.

आतून आंबिलीचा आंबूस वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा खरोखरच आले. गल्लीच्या तोंडाशी ट्रक, ट्रकमधे गाद्या, गाद्यांमागे सात-आठ माणसं. मोठ्या बाबांनी रात्रभर बेत आखला होता. मुखवटे वेगळे, कोठ्या वेगळ्या, लुगडी तशीच पिनांसकट. "फौजेत आपण चालू दवाखाना हलवला आहे," ते आत येत म्हणाले, "ऑपरेशन टेबलासकट. ह्या तर दोनच आहेत." बूट त्यांनी बाहेर काढले होते, मोजे तसेच होते.

मोठी आई नऊवारी नेसून देवीसमोर वातींना तूप लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. "आज हालवत नसतात," ती म्हणाली.

"सुमन, एक दिवसाची गोष्ट आहे. संध्याकाळी परत आणतो."

"हालवल्या का त्या गेल्या. उपाशी घालवू का?"

"तुला समजत नाही आहे काय चाललं आहे. कल मंत्री बनू शकतो मी."

"समजते मले." तिनं आता मान वर केली. "समजते म्हणून तर बोलून राहिली. तुमी सांगितलं तिथं मी गेली. बर्फात गेली, वाळूत गेली. पोतेरं फिरवून झालं नाही का तुमची ऑर्डर यायची. माही बदली झाली तेवढी पुरे. त्यायची बदली होत नसते."

ट्रकवाली माणसं दारात उभी होती. त्यातल्या एकानं देवीला हात जोडले आणि हळूच मागे सरकला, मग दुसराही. मोठे बाबा एकटेच त्या खोलीत मधोमध उभे. मला वाटलं आता ओरडतील. पण ओरडण्यासारखं समोर काही नव्हतंच. दोन देव्या आणि एक बाई, तिघीही हलणार नव्हत्या. ते म्हणाले, "ठीक है." मग खालच्या आवाजात म्हणाले, "जेवायला तरी ये तिकडे. भाभीजी म्हणून कोणी पाहिजे."

"पूजेले तुमी इकडं पाहिजे," मोठी आई म्हणाली. "नैवेद्य घरच्या पुरुषानं दाखवावा लागते. दिवे लागायच्या आत या. पान वाढून ठेवतो तुमचं."

ते निघाले. जाता जाता मला म्हणाले, "मंजू, गाडीत बैस. टाइम नाही आहे आपल्यापाशी." आईनं डोळ्यानंच नको म्हटलं, पण मी बसले. हा माणूस आता काय करतो ते पाहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

गाडी गोल बाजारात थांबली. मोठ्या बाबांना कुठून तरी मुखवटे मिळवायचे होते, पण त्या दिवशी कुठे मिळणार? ज्यांच्या घरी होत्या त्यांच्या घरी बसल्या होत्या. भांड्यांच्या आळीतून कपड्यांच्या आळीत आलो आणि मोठे बाबा एका लुगड्यांच्या दुकानापुढे थबकले. काचेआड दोन डमी उभ्या. गोऱ्यापान, निळ्या पापण्यांच्या. एकीचा हात कमरेवर, दुसरीचा हात रिक्षा थांबवावी तसा पुढे. मोठ्या बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी मोठ्या बाबांकडे. मला घाम फुटला.

"मोठे बाबा, नाही," मी म्हणाले.

"सराव नेहमी डमीवरच करतात," ते म्हणाले आणि आत शिरले.

दुकानदार सेठ आमदाराला नाही कसा म्हणेल? त्यानं डमी तर दिल्याच, वर दोन बनारसी शालू नेसवूनच दिले. ट्रक तयार होताच. गाद्याही होत्या. शंकरनगरच्या दिवाणखान्यात दोघींना उभं केलं, मागे पडदा, पुढे समया, गळ्यात झेंडूचे हार. मळवट मी भरला, कारण तो ड्रायव्हर भरायला निघाला होता. निळ्या पापण्या तशाच राहिल्या. कमरेवर हात ठेवलेली देवी तुमच्याकडे अशी पाहायची, जणू तुमचंच काही तरी चुकलं आहे. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मी मनात घरच्या दोघींची माफी मागत होते. अशा दोन्ही गोष्टी एकदम होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

भाईसाहब आले ते अडीच वाजता. दोघांनी धरून त्यांना आत आणलं. त्यांनी देवीपुढे वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून हात जोडून डोळे मिटले. मग डोळे उघडून पुढे केलेल्या हाताकडे पाहत म्हणाले, "अच्छा, आशीर्वाद दे रही हैं."

"जी," मोठे बाबा म्हणाले.

"और ये कमर पर हाथ?"

मोठे बाबा समईची वात सरळ करायला लागले. खोटं ते बोलणार नव्हते. दुबे भैयांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. तेवढ्यात भाईसाहबांनी स्वतःच मान डोलावली. "समझ गया. रौद्र रूप. महाराष्ट्र में शक्ति की परंपरा है ना."

"जी," मोठे बाबा म्हणाले.

"भाभीजी नहीं दिख रहीं?"

"पूजा में बैठी हैं," मोठे बाबा म्हणाले. आणि बघा, हे तर अक्षरशः खरं होतं.

जेवण बाजारातल्या हलवायाकडून आलं होतं. पुरणपोळी म्हणून त्यानं जे पाठवलं होतं ते मी अजून नाव देऊ शकलेले नाही. भाईसाहबांनी चार खाल्ल्या, म्हणाले मराठी भोजनाची बात ही अलग आहे, आणि तिथेच पसरले. झोपले म्हणजे अगदी घोरायला लागले. मोठे बाबा त्यांच्या पायाशी खुर्चीवर ताठ बसून राहिले. साहेब झोपलेले असताना उठून जायचं नसतं. मी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मोठे बाबा, दिवे लागतील." ते पुटपुटले, "हो, निघतोच आहे." बाहेर हिरवळीवर सावल्या लांब झाल्या. मी रिक्षा केली आणि बुढापाऱ्यात आले.

घरात आरती थांबली होती. केळीच्या पानावर सगळं वाढलेलं. पुरण, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्यांची एकच भाजी. दोघी बहिणींपुढे दोन पानं, आणि शेजारी तिसरं, मोठ्या बाबांचं. मोठी आई दारात उभी होती. तिनं माझ्या मागे पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं घराजवळच्या तलावाच्या बाजूपासून गल्लीच्या तोंडापर्यंत पुन्हा एकदा पाहिलं, मग आत वळून बाबांना म्हणाली, "भाऊजी, तुमीच दाखवा." बाबांनी नैवेद्य दाखवला. तिसरं पान तिनं उचललं, गाईला घालायला स्वतः घेऊन गेली, आणि परत येऊन आम्हाला वाढलं. मला त्या दिवशी मोठ्या बाबांचा जो राग आला, तो पूर्णपणे अजूनही गेलेला नाही. परवा माझ्या मुलीला हे सांगत होते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. म्हणाली, "मम्मी, इतने साल हो गए, जाने दो ना." मी म्हटलं, तू त्या पानाकडे पाहिलं नाहीस.

मोठे बाबा मंत्री झाले. खातं कोणतं मिळालं, तर धर्मस्व. देवस्थानं, यात्रा, पुजारी. भाईसाहब म्हणाले होते म्हणे, इस आदमी के घर में बड़ी श्रद्धा है. शपथेला मोठी आई गेली नाही, तिला त्या दिवशी पापड घालायचे होते. लाल दिवा फिरू लागला. मोठ्या बाबांनी देवळांच्या पायऱ्यांना गेरू आणि चुना मारला. पुजाऱ्यांची हजेरी घेतली. एका देवळात शिट्टीवर आरती सुरू करायचा हुकूम निघाला, तो दोन दिवसांत मागे घेतला. भाद्रपदात त्यांना दर वर्षी काही तरी काम निघायचं. नैवेद्य बाबाच दाखवायचे, आणि तिसऱ्या दिवशी हलवायचेही बाबाच.

मग निवडणूक आली आणि मोठे बाबा पडले. असे पडले की दुबे भैया निकालाच्या संध्याकाळी दुसऱ्याच कोणाचा गुडघा धरून उभे होते. बंगला रिकामा करायची नोटीस आली. ट्रक पुन्हा एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. आत येत नव्हता म्हणून सामान ठेल्यावरून येऊ लागलं. काळ्या ट्रंका आल्या, मिशांचा फोटो आला, आणि सगळ्यात शेवटच्या ठेल्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळून आडव्या घातलेल्या त्या दोघी. गल्लीतली माणसं पटापट उठून उभी राहिली. कोणी टोपी काढली. शेजारच्या काकू पदर डोळ्याला लावून आईपाशी धावल्या, "कोन गेलं जी?"

"मंत्रीपद," बाबा म्हणाले.

सेठनं त्या डमी परत घेतल्या नव्हत्या. मोठ्या बाबांनी पाठवल्या तर तो हात जोडून म्हणाला होता, "साहब, इनकी पूजा हो गई. अब इनको नाइटी कैसे पहनाऊँ?" तेव्हापासून त्या बंगल्याच्या कोठीघरात होत्या. मोठे बाबा ओट्यावर बसले आणि मोठ्या आईकडे न पाहता म्हणाले, "ह्यांना तलावात टाकून देऊ." ती चादर बाजूला करून निळ्या पापण्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "लोकायनं हात जोडले ना यायले. आता फेकता नाही येत. राहू द्या घरात, पडतीन कोपऱ्यात." मग त्यांच्याकडे वळली. "तुमी जेवले का?"

ते म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी पाहते तर मागच्या खोलीत ट्रंका उघडलेल्या. कमरेवर हात ठेवलेलीच्या अंगात मोठ्या बाबांचा फौजेचा कोट, पदकांसकट. आणि हात पुढे केलेलीच्या अंगात मंत्र्याचं खादी जाकीट. मी मोठ्या आईकडे पाहिलं. "कपडे मोकळ्या हवेत राहतेत," ती म्हणाली, "नाहीतर कसर लागते." तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मोठे बाबा त्या खोलीतून रोज आंघोळीला जायचे. पहिले काही दिवस मान खाली घालून गेले. नंतर एकदा मी त्यांना कोटाची मोकळी बाही सरळ करताना पाहिलं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना घरची माणसं सोडून कोणी आलं नाही. मोठे बाबा सोवळं नेसून पाटावर बसले. मंत्र चुकत होते, मोठी आई मागून सांगत होती. शिट्टी नव्हती. नैवेद्य त्यांनीच दाखवला. तिसऱ्या दिवशी आरती झाली, अक्षता पडल्या. मोठे बाबा दोघींपुढे उभे राहिले, हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. हात तसाच हवेत. ज्या माणसानं ह्यांच्यासाठी ट्रक आणि गाद्या आणल्या होत्या, त्याला आता बोट लावायची हिंमत होत नव्हती. त्यांनी मागे वळून मोठ्या आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हालवा आता," मोठी आई म्हणाली. "आता चालते. जेवल्या त्या."